फकीरमामाची तपकिरीची डबी

शिरूरच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत फकीर तांबोळींचं आठ बाय दहाचं दुकान आहे. पाटीवर अजून ‘रेडिओ, टेप, अँप्लिफायर दुरुस्ती’ असंच लिहिलेलं आहे. यातलं आता काहीच दुरुस्तीला येत नाही. मिक्सर येतात, टेबलफॅन येतात, दिवाळीच्या आधी लाइटच्या माळा येतात. पाटी बदला, असं त्यांची मुलगी निखत दर ईदला सांगते. मामा म्हणतात, ‘‘पाटी बदलली की लोकांना वाटतं दुकान विकलं.’’

मामांचं वय अडुसष्ट. साडेनऊला शटर वर जातं, टेबल पुसून होतं आणि काम असो वा नसो, डाख द्यायची गन तापायला लागते. टेबलाच्या उजव्या हाताला खिळ्यावर गेली कित्येक वर्षं एकच वायर लटकत असे. एका टोकाला पिन, दुसऱ्या टोकाला दोन चिमटे आणि मधोमध, सापानं गिळलेल्या बेडकासारखी, तपकिरीची गोल पत्र्याची डबी. न्हावरे, इनामगाव, पार दौंडपर्यंतचे जुने मंडपवाले तिला ‘फकीरमामाची डबी’ म्हणून ओळखत. डबी अब्बांची, असं मामा सांगत. अब्बा तपकीर ओढायचे, त्यामुळे कुणी शंका घेण्याचं कारण नव्हतं.

डबीचं काम समजायला नव्वद सालच्या आसपासचं लग्न डोळ्यांसमोर आणावं लागेल. मंडपाच्या खांबांना कर्णे बांधलेले, कोपऱ्यात अँप्लिफायर, एकच माइक. घरच्यांना हळदीची गाणी आणि मंगलाष्टकं कॅसेटवर हवी असायची. रेकॉर्डिंगला वेगळा माइक कुणाकडे नसायचा. मग कर्ण्यांना जाणाऱ्या तारेलाच चिमटे लावायचे आणि पिन टेपरेकॉर्डरच्या माइकच्या भोकात खुपसायची. पिन बसायची, आवाजही यायचा, पण फाटलेला. माइकचं भोक कुजबुज ऐकायला केलेलं असतं. कर्ण्याच्या तारेत त्याच्या हजारो पट जोर असतो. मामांच्या डबीत दोन रेझिस्टन्स होते, एक मोठा, एक बारका. आलेल्या हजार हिश्श्यांतले नऊशे नव्याण्णव ते तिथंच जिरवत आणि एक हिस्सा पुढं सोडत. तेवढाच टेपला सोसायचा.

ही विद्या मामांनी दौंडला घेतली. विसाव्या वर्षी ते तिथं हनुमंत मिस्त्रींच्या हाताखाली होते. मिस्त्री रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले, दुकान स्टेशनासमोर. मालगाडी गेली की टेबलावरच्या मीटरचा काटा थरथरायचा आणि मिस्त्री तो थांबेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसायचे. दुरुस्तीला सेट आला की पोरं आधी झाकण उघडायची. मिस्त्री ओरडायचे, ‘‘झाकणाला हात लावू नको. आधी बघ, फाटतंय कुठं. मागं फाटलं असंल तर पुढं कितीबी खटपट कर.’’ मामांनी चाळीस वर्षं हीच पद्धत ठेवली. आधी शोधायचं कुठं, मग उघडायचं.

गेल्या फेब्रुवारीत एका सोमवारी पन्नाशी ओलांडलेली एक बाई दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. हातात प्लास्टिकची पिशवी.

‘‘मामा, ओळखलं का?’’

‘‘चेहरा ओळखीचा हाय. गाव सांगा.’’

‘‘न्हावरं. सावळाराम आबांची सविता. दौंडला दिलेली. माझ्या हळदीला तुमचेच कर्णे हुते.’’

‘‘एक्याण्णव साल,’’ मामा म्हणाले. ‘‘तुमचा बैल माझी बॅटरी चाटत हुता.’’

सविता हसली. मग पिशवीतून तिनं कॅसेट काढली. कागदावर मामांचंच अक्षर, ‘न्हावरे – हळद’. तारीख नाही. मामा तारखा कधीच टाकत नसत.

तिनं जे सांगितलं ते असं. तिची आई पुतळाबाई मागच्या वर्षी गेली. ट्रंक आवरताना लुगड्यांच्या तळाशी ही कॅसेट मिळाली. हळदीच्या दिवशी बायांनी गळ घातल्यावर आईनं माइकवर उखाणा घेतला होता. आबांचं नाव तिनं तोंडानं घेतलं ते साऱ्या संसारात त्या एकाच वेळी. एरवी ‘अहो’, ‘ऐकलं का’ आणि ‘हे’. लग्नानंतर कुणी ती कॅसेट लावायला काढली की आई हिसकावून घ्यायची. आणि आबांनी तो उखाणा ऐकलाच नव्हता, कारण त्या वेळी ते गुळाच्या ढेपा आणायला शिरूरला गेले होते.

‘‘आबा आता ब्याऐंशीचे हायेत. उजवा कान गेला. डाव्यात मशीन हाय, आन् पुण्याचे डॉक्टर म्हणतात तोबी उतरत चाललाय, वर्षभर टिकंल का सांगता येत न्हाई. त्यांनी कवा काही मागितलं न्हाई, मामा. पर कॅसेट मिळाली म्हटल्यावर चार दिवस नुसते तिच्याकडं बघत बसलेत.’’

‘‘मग लावली का न्हाई?’’

‘‘लावली की. भावाच्या पोरानं, पृथ्वीराजनं, नवा होम थेटर घेतलाय. जुना टेप त्याला जोडला. नुसतं फर्रफर्र. चिवडा खाल्ल्यासारखं. तो म्हणतो, आत्या, कॅसेटच गेली.’’ तिनं कॅसेट टेबलावर ठेवली. ‘‘एवढंच सांगा, कॅसेट गेलीय का मशीन?’’

मामांनी कॅसेट उलटसुलट केली. फीत सुकलेली नव्हती, बुरशी नव्हती. पण वाजवून बघायला दुकानात टेप नव्हता. शेवटचा डेक कोरोनाच्या वर्षी भंगारात गेला होता. 

‘‘उद्या येतो,’’ ते म्हणाले. ‘‘टेपला आन् वायरीला हात लावू नका. हाय तसं राहू द्या.’’

सविता गेल्यावर मामा बराच वेळ खिळ्यावरच्या डबीकडे बघत राहिले. त्यांना नुसत्या कॅसेटची काळजी नव्हती.

डबी होण्याआधी त्यांच्या हातून एक काम बिघडलं होतं. इनामगावच्या शाळेचे हेडमास्तर आनंदराव गुरुजी निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभाचं रेकॉर्डिंग मामांनी चिमटे थेट लावून केलं. तासाभराचं भाषण, एक शब्द कळेना. गुरुजींनी कॅसेट घरी ऐकली असणार. पुन्हा कधी भेटले तेव्हा त्यांनी फक्त ‘बरं आहे ना?’ एवढंच विचारलं. मामांना ते बोलणी खाण्यापेक्षा जास्त लागलं. त्यानंतर दुकानात बसून आपण अब्बांच्या डबीत रेझिस्टन्स बसवले, ही गोष्ट मामा मंडपवाल्यांना कायम सांगत. गुरुजींचा निरोप नव्वदच्या उन्हाळ्यातला, की एक्याण्णवच्या? न्हावऱ्याची हळद त्याच्या आधीची की नंतरची? हे त्यांना आठवेना. आधीची असेल, तर आवाज पृथ्वीराजच्या घरात फाटत नव्हता, तो चौतीस वर्षांपूर्वीच फितीवर फाटलेला होता, आणि फाडणारे मामा होते. ते दुरुस्त होण्यासारखं नव्हतं.

जेवताना त्यांनी बायकोला, खातूनला हे सांगितलं. तिनं ताटात भाकरी टाकली.

‘‘मग जाऊ नका. सांगा, कॅसेट गेली म्हणून. तो पोरगाही तेच म्हणतोय.’’

‘‘असं कसं सांगू?’’

‘‘मग जा. इथं बसून मला विचारून फितीवरचं कळणार हाय का?’’

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत मामा एसटीनं न्हावऱ्यात उतरले. पिशवीत गन, डाख, रेझिस्टन्सची डबडी, जुना एका कानाचा इयरफोन आणि ती वायर. रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. सावळाराम आबांचं घर आता स्लॅबचं झालं होतं. जिथं कर्ण्याचा खांब रोवला होता तिथं ट्रॅक्टर उभा होता.

आबा पडवीत खाटेवर बसले होते. मामांना बघून त्यांनी हात वर केला.

‘‘फकीर, म्हातारा झालास की रं!’’

‘‘आबा, तुम्ही काय तरणे झालात का?’’

आबांना ऐकू गेलं नाही. सविता त्यांच्या कानाशी जाऊन ओरडली, ‘‘फकीरमामा म्हणतात, तुम्ही काय तरणे झालात का!’’ आबांनी तोंड वाकडं केलं. ‘‘वरडू नको गं. नुसतं डोक्यात घुमतं.’’

आत पृथ्वीराज थांबला होता. रांजणगावच्या कारखान्यात कामाला, सेकंड शिफ्ट, अंगात कंपनीचा टी-शर्ट. भिंतीला उंच काळे स्पीकर, मधे होम थेटर, आणि स्टुलावर आबांचा जुना टेप, जाळीमागचा त्याचा स्वतःचा स्पीकर उंदरांनी खाल्लेला.

‘‘मामा, मी यूट्यूबवर सगळं बघितलंय,’’ तो म्हणाला. ‘‘हेड साफ केलं, पट्टा बदलला. कॅसेटच गेलीय. ऐका.’’

त्यानं बटण दाबलं. खोलीत एकदम कुणीतरी पत्रे ओढत नेल्यासारखा आवाज झाला. त्यात कुठंतरी बायका गात असाव्यात.

‘‘आवाज कमी कर.’’

त्यानं रिमोटनं कमी केला. आवाज लहान झाला, पण तितकाच फाटका. ‘‘बघा. कमी केला तरी फाटतोय. म्हंजी कॅसेट.’’

‘‘तू कमी केलास तो शेवटाला,’’ मामा म्हणाले. ‘‘शेती करता ना घरी? पाट वरच्या तोंडाला फुटला, तर खालच्या वाफ्यात दारं धरून काय उपयोग? टेपवरचं बटण कमी कर.’’

‘‘ते फिरत न्हाई. गंजलंय. फुल्लवरच अडकलंय.’’

‘‘आन् वायर कुठनं कुठं नेलीस?’’

‘‘टेपच्या इयरफोनच्या भोकातनं हितं.’’ त्यानं होम थेटरच्या पुढच्या बाजूला बोट दाखवलं. तिथं कराओकेच्या माइकचं भोक होतं. ‘‘पिन बसली म्हणून...’’

मामांनी मान हलवली. पिन बसते म्हणून लावणं ही चूक त्यांच्या ओळखीची होती. पण त्यावरून निकाल लागत नव्हता. जोडणी चुकली होती एवढं कळलं. फीतही फाटलेली असू शकत होती. टेपचा स्वतःचा स्पीकर उंदरांनी ठेवला नव्हता. त्यांनी वायर उपसली, स्वतःचा इयरफोन टेपला लावला, कॅसेट पहिल्यापासून फिरवली आणि इयरफोन कानापासून बोटभर लांब धरून बटण दाबलं.

फाटलेलं होतं.

बायकांचं गाणं सुरू झालं आणि पहिल्याच ओळीला चिरफाळलं. इथं मधे होम थेटर नव्हता, माइकचं भोक नव्हतं. हे फितीवरच होतं. सविता त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. मामांनी मान खाली घातली आणि कॅसेट चालू ठेवली.

गाणं संपलं. मग माइकजवळ कुणीतरी हळू बोलायला लागलं. हळू बोललेलं कमी फाटतं. शब्द कळत होते. एका तरुण माणसाचा आवाज होता. मामांना तो ओळखायला जरा वेळ लागला.

‘‘बाई, जरा दम धरा. आवाज फाटतोय.’’

‘‘आमचा व्हय?’’ बायका हसल्या.

‘‘तुमचा न्हाई वो, माझ्या वायरीत. दोन रेझिस्टन्स हायेत माझ्याजवळ, पर उघडे लावले की घूंऽऽ करतंय. पत्र्याची डबी मिळंल का एखादी? काडेपेटीएवढी.’’

‘‘हळदीची चालंल का?’’

‘‘लई मोठी झाली.’’

‘‘मंग ही घ्या, भाऊ. थांबा, तपकीर काढून घेते.’’ हा आवाज जाड, सावकाश. ‘‘आन् ह्यांना सांगू नका. नवीच हाय, परवा बाजारातनं आणलीया.’’

‘‘ह्यांना म्हंजी कुणाला, पुतळावैनी?’’ दुसरी कुणी ओरडली. ‘‘नाव घ्या की!’’

‘‘आधी लेकीला हळद तर लागू द्या. मंग घेते.’’

टक्. पुन्हा टक्. आणि त्यानंतरचं गाणं स्वच्छ होतं. बांगड्यांचा आवाजही वेगळा कळत होता.

मामांनी इयरफोन काढला. ही सगळी वर्षं ते अब्बांचं नाव सांगत आले होते. दुकानात बसून डबी केली, हेही खरं नव्हतं. ती इथं, या अंगणात, चटईवर बसून केली होती. इतक्या लग्नांनंतर एक लग्न दुसऱ्यात मिसळलं होतं.

‘‘काय झालं, मामा? गेली ना?’’ सवितानं विचारलं.

‘‘पहिलं गाणं गेलं. ते माझ्या हातनं गेलंय, त्याला इलाज न्हाई. पुढचं सगळं नीट हाय. उखाणा पुढंच असंल.’’

मग काम सोपं होतं. त्यांनी पिशवीतून वायर काढली, डबीचं झाकण नखानं उघडलं. आत दोन रेझिस्टन्स. मोठ्यावर त्याचं माप सांगणारे तपकिरी, काळा आणि पिवळा पट्टे. तो कर्ण्याच्या तारेच्या हिशेबानं बसवलेला होता. टेपच्या इयरफोनच्या भोकात तेवढा जोर नसतो, हजारात एक हिस्सा सोडला तर काहीच ऐकू येणार नाही. शंभरात एक पुरेल. त्यांनी पिवळ्या पट्ट्याचा काढून त्याच्या दहाव्या हिश्श्याचा, नारिंगी पट्ट्याचा लावला, चिमट्यांच्या जागी पिन लावली.

‘‘मामा, एवढ्यावर भागतं? दोन रेझिस्टन्स?’’ पृथ्वीराज वाकून बघत होता.

‘‘यूट्यूबवर न्हाई दाखवलं?’’

‘‘दाखवलं असंल. मला वाटलं मोठं काहीतरी असतंय.’’

डबी स्टुलावर ठेवून त्यांनी एक पिन टेपच्या इयरफोनच्या भोकात आणि दुसरी कराओकेच्या त्याच भोकात घातली. गाणं लागलं. भिंतीच्या दोन्ही बाजूंनी बायका गायला लागल्या, तेव्हा स्वयंपाकघरातली सून हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

आबांना आत आणून खुर्चीवर बसवलं. सवितानं रिमोट घेतला आणि आवाज चढवत नेला. काच थरथरली. आबांनी कानावर हात धरला.

‘‘काय भोंगा लावलाय? कळत न्हाई काही!’’

‘‘अजून वाढवू का?’’ सविता रडकुंडीला आली होती.

मामांनी तिच्या हातातून रिमोट काढून घेतला. ‘‘ताई, कानातल्या मशीनचंबी तसंच असतं. त्याला सोसंल तेवढंच द्यायचं.’’ त्यांनी आवाज उतरवला, माणूस शेजारी बसून बोलतो तेवढ्यावर आणला. मग आबांपाशी जाऊन त्यांच्या कानामागचं बटण एक घर खाली केलं आणि स्पीकर त्यांच्या डाव्या बाजूला सरकवून घेतला. आबा मान किंचित वळवून बसले.

गाणी संपत आली. बायकांचा गलका. ‘आता घ्या, आता घ्या.’ कुणीतरी माइकवर टिचकी मारली. मग तो जाड, सावकाश आवाज, अजिबात न अडखळता:

‘‘घोडनदीचं पाणी आलं उसाच्या सरीला,
सावळारामरावांचं नाव घेते सविताच्या हळदीला.’’

हशा, शिट्टी, कुणाचं तरी ‘वाऽऽ’. पृथ्वीराजनं कॅसेट थांबवली.

आबांनी बोट गोल फिरवलं. पुन्हा. त्यानं पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी आबांचे ओठ हलले.

‘‘कर्णे चालू हुते का रं त्या वक्ताला?’’ त्यांनी विचारलं.

‘‘व्हय, आबा. चार कर्णे,’’ मामा म्हणाले. ते ओरडले नाहीत आणि आबांना ऐकू गेलं.

‘‘म्हंजी सगळ्या गावानं ऐकलं. आन् मी शिरूरला ढेपा मोजत हुतो.’’

मामांना आता उठता आलं असतं. काम झालं होतं, परतीची गाडी चारला होती. त्यांनी कॅसेट मागं फिरवली.

‘‘आबा, अजून थोडं ऐका. तुमच्या घरातली एक वस्तू माझ्याकडं राहिलीय.’’

‘आन् ह्यांना सांगू नका,’ पुतळाबाई फितीवर म्हणाल्या. ‘नवीच हाय, परवा बाजारातनं आणलीया.’

आबा स्टुलावरच्या डबीकडे बघायला लागले. मग मामांकडे.

‘‘मी आणली हुती ती,’’ ते म्हणाले. ‘‘तिच्यासाठी. घोडनदीच्या बाजारातनं. दोन महिने घरात भांडण, डबी गेली कुठं म्हणून. मी आईवर आळ घेतला. तीबी तपकीर ओढायची. म्हातारी मरेपर्यंत म्हणत हुती, मी न्हाई घेतली, मी न्हाई घेतली.’’ त्यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे. ते हसत होते. ‘‘आन् ही गप. एक शब्द बोलली न्हाई. दे रं फकीर माझी डबी.’’

‘‘आबा, ती काढली तर परत फाटतंय,’’ पृथ्वीराज घाईनं म्हणाला.

आबांनी विचार केला. ‘‘मंग राहू दे तिथंच. पर माझी हाय, ध्यानात ठेवा.’’

मामांनी गन थंड होऊ दिली, पिशवी भरली. सवितानं चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. ते फाट्यावर येईपर्यंत घरातून गाणी ऐकू येत होती, मधेच थांबत होती आणि पुन्हा त्याच जागेपासून सुरू होत होती.

घरी खातूननं पिशवी रिकामी करताना विचारलं, ‘‘अब्बांची डबी कुठं ठेवलीत?’’

‘‘अब्बांची नव्हती ती.’’

‘‘मग कुणाची?’’

‘‘न्हावऱ्याची,’’ मामा म्हणाले. ‘‘देऊन आलो.’’

दुकानातल्या खिळ्यावर आता काही नाही. कधीतरी एखादा जुना मंडपवाला येतो, सवयीनं तिकडं बघतो आणि डबीचं विचारतो. मामा त्याला बसवून घेतात आणि गोष्ट सांगतात. आता ती न्हावऱ्यापासून सुरू होते, आणि पहिलं गाणं आपण बिघडवलं हेही ते त्यात सांगतात.